दुसऱ्या महायुद्धाची पहिली अडीच वर्षे आणि म्हैसूर संस्थान

तलकाड (म्हैसूर) : म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या एका मोठ्या वळणावर तलकाड हे गाव वसले आहे. गंग राजांची ही प्राचीन राजधानी. बाराव्या शतकाच्या आरंभी होयसळ राजा विष्णुवर्धन याने ती चोळांकडून जिंकून घेतली आणि विजयाचे स्मारक म्हणून येथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. आज या जुन्या नगरीचा बराचसा भाग वाळूच्या टेकड्यांखाली आहे. काही वर्षांच्या अंतराने, कार्तिक महिन्यात विशिष्ट योग जुळून आला की येथील पाच शिवमंदिरांच्या दर्शनासाठी मोठी यात्रा भरते. वैद्येश्वर, पाताळेश्वर, मरुळेश्वर, अर्केश्वर आणि मल्लिकार्जुन ही ती पाच दैवते.

या वाळूची एक कथा कर्नाटकात सर्वश्रुत आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी म्हैसूरच्या राजा वाडियार यांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून श्रीरंगपट्टण घेतले. त्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडे दागिन्यांची मागणी झाली, तेव्हा तिने कावेरीत उडी घेतली आणि जाताना तीन शाप दिले. तलकाडची वाळू होईल, शेजारच्या मालंगी गावी नदीला अथांग डोह पडेल आणि म्हैसूरच्या राजांना संतती होणार नाही, अशी ही शापवाणी सांगितली जाते. वाळूबाबत अभ्यासकांचे स्पष्टीकरण निराळे आहे. विजयनगर काळात येथे कावेरीवर बंधारा घालण्यात आला, नदीचा प्रवाह बदलला, उघड्या पडलेल्या पात्रातील वाळू वाऱ्याने गावावर येत राहिली, असे ते म्हणतात. तिसऱ्या शापाची आठवण मात्र राजघराण्यात वारसाचा प्रश्न निघाला की हटकून काढली जाते.

तशी ती १९४० मध्येही निघाली असल्यास नवल नाही. त्या वर्षी ११ मार्च रोजी युवराज कंठीरव नरसिंहराज वाडियार यांचे मुंबईत निधन झाले. ३ ऑगस्ट रोजी स्वतः महाराज चौथे कृष्णराज वाडियार बंगळूरच्या राजवाड्यात कालवश झाले. महाराजांना संतती नव्हती. पाच महिन्यांच्या आत राजा आणि वारस दोघेही गेले आणि युवराजांचे २१ वर्षांचे चिरंजीव जयचामराज यांच्याकडे गादी आली. ८ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचा राज्यारोहण समारंभ झाला.

या दोन मृत्यूंच्या दरम्यान जगाचा नकाशा पालटला होता. नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्स हे देश जर्मनीच्या हाती गेले होते आणि ब्रिटन एकटे उरले होते. म्हैसूरसारख्या दूरच्या संस्थानाशी या घडामोडींचा संबंध काय, असा प्रश्न पडू शकतो. परंतु युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत हिंदुस्थानात जे महत्त्वाचे राजकीय आणि औद्योगिक निर्णय झाले त्यांच्या तारखा युरोपातील व आशियातील रणांगणांच्या तारखांशेजारी ठेवून पाहिल्या, तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. हिंदी मागण्यांपुढे ब्रिटिश सरकार नमले ते बहुतेक वेळा युक्तिवादामुळे नव्हे, तर कोठेतरी झालेल्या पराभवामुळे. बंगळूरचा विमान कारखाना हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी सोलापूरचे एक उद्योगपती होते.

सप्टेंबर १९३९ : न विचारता घेतलेला निर्णय

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. ना मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारले गेले, ना प्रांतांतील निर्वाचित मंत्रिमंडळांना. कायद्याच्या दृष्टीने व्हाइसरॉयना तसे विचारण्याची आवश्यकता नव्हती आणि वादाचे मूळही तेच होते. अकरापैकी आठ प्रांतांत त्या वेळी काँग्रेसची किंवा काँग्रेसच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळे होती. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतांना स्वायत्तता मिळाली असल्याचे ब्रिटिश सरकार जगाला सांगत होते. ही स्वायत्तता युद्ध आणि शांतता यांच्या प्रश्नापाशी येऊन थांबते, हे एका घोषणेने सिद्ध झाले.

काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्धा येथे भरली. १४ सप्टेंबरच्या निवेदनात कार्यकारिणीने फॅसिस्ट आक्रमणाचा निषेध केला आणि ब्रिटनला एकच प्रश्न विचारला : हे युद्ध लोकशाहीसाठी असेल, तर हिंदुस्थानच्या बाबतीत युद्धाची उद्दिष्टे काय आहेत? १७ ऑक्टोबर रोजी व्हाइसरॉयनी जे उत्तर दिले त्यात युद्धानंतर १९३५ च्या कायद्याचा फेरविचार करण्यापलीकडे काही नव्हते. त्यानंतर कार्यकारिणीने मंत्रिमंडळांना राजीनामे देण्यास सांगितले. मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ नोव्हेंबरच्या आरंभी पायउतार झाले आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरांच्या हाती गेला.

मुंबईत याआधीच लोकमताची एक वेगळी चुणूक दिसली होती. २ ऑक्टोबर १९३९ रोजी येथील सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. मात्र महाराष्ट्राचे एकमत होते असे समजणे चुकीचे ठरेल. हिंदू महासभेचे अध्यक्ष विनायक दामोदर सावरकर यांनी ऑक्टोबरमध्येच व्हाइसरॉयची भेट घेतली. तरुणांनी सैन्यात शिरून शस्त्रविद्या हस्तगत करावी, अशी त्यांची भूमिका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा विचार आणखी निराळा होता. हिटलरचा विजय जगाला आणि हिंदुस्थानला घातक ठरेल याविषयी त्यांना शंका नव्हती. मात्र सत्तांतराच्या वाटाघाटीत अस्पृश्य समाजाला स्वतंत्र स्थान मिळाले पाहिजे, यावर ते ठाम होते. काँग्रेस मंत्रिमंडळे गेल्याबद्दल मुस्लिम लीगने २२ डिसेंबर १९३९ रोजी पाळलेल्या ‘मुक्तिदिना’त मुंबईत तेही सहभागी झाले. युद्ध नको असे म्हणणारे, युद्धाच्या बदल्यात स्वातंत्र्य हवे असे म्हणणारे आणि युद्धाचा आपल्या समाजासाठी उपयोग करून घ्यावा असे म्हणणारे अशी ही विभागणी होती. यांपैकी कोणालाही निर्णयापूर्वी विचारले गेले नव्हते, एवढे मात्र सर्वांना समान होते.

संस्थानांचे निराळे गणित

प्रांतांत राजीनामे दिले जात असताना संस्थानिक मात्र ब्रिटनच्या मागे उभे राहिले. पैसा, सैन्य आणि सामग्री देऊ करणाऱ्या तारा दिल्लीला पोहोचू लागल्या. याला निष्ठा म्हटले जाते आणि ती काही प्रमाणात खरीही होती. परंतु त्यामागे एक व्यावहारिक कारणही होते. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेत सामील व्हावे म्हणून व्हाइसरॉय गेली काही वर्षे संस्थानिकांच्या मागे लागले होते आणि संस्थानिक टाळाटाळ करत होते. ११ सप्टेंबर १९३९ रोजी लिनलिथगो यांनी ही योजना युद्धकाळापुरती स्थगित केल्याचे घोषित केले. संस्थानिकांच्या डोक्यावरचे ओझे उतरले. प्रांतांना युद्धाने राजकीय हक्क गमवावे लागले आणि राजेरजवाड्यांना त्याच युद्धाने हवी असलेली मुदत मिळाली.

म्हैसूर हे यांतील सर्वांत प्रगत संस्थान मानले जाई. तेथे १८८१ पासून प्रतिनिधी सभा होती. कावेरीवरील शिवनसमुद्रच्या धबधब्यापासून १९०२ मध्येच वीज निर्माण होऊ लागली होती आणि ती तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली होती. हे शिवनसमुद्र तलकाडहून कावेरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यावर लागते. भद्रावतीचा पोलाद कारखाना, चंदनतेल, रेशीम, साबण असे उद्योग सरकारने उभे केले होते. दिवाण सर मिर्झा इस्माईल हे १९२६ पासून कारभार पाहत होते.

पण प्रगत म्हणजे लोकसत्ताक नव्हे. प्रतिनिधी सभेला प्रश्न विचारता येत, दिवाणांना पदावरून दूर करता येत नसे. जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या म्हैसूर काँग्रेसने एप्रिल १९३८ मध्ये शिवपूर येथे ध्वज सत्याग्रह केला आणि त्याच महिन्यात विदुराश्वत्थ येथे जमावावर झालेल्या गोळीबारात अनेकांनी प्राण गमावले. तेव्हा म्हैसूरने युद्धाला पाठिंबा दिला असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ महाराजांनी व दिवाणांनी पाठिंबा दिला एवढाच घेतला पाहिजे.

याच सुमारास साताऱ्याजवळच्या छोट्याशा औंध संस्थानात अगदी उलट दिशेने पाऊल पडले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना देऊन प्रजेच्या हाती कारभार सोपवला. या कामात मॉरिस फ्रिडमन हे पोलिश अभियंता त्यांचे सहायक होते. योगायोग असा, की फ्रिडमन हिंदुस्थानात आले ते मिर्झा इस्माईल यांच्या निमंत्रणावरून, बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे काम पाहण्यासाठी. पुढे ज्या देशावरील आक्रमणाने महायुद्धाला तोंड फुटले, त्याच देशाचा हा माणूस. म्हैसूरने त्यांच्याकडून यंत्रे घेतली आणि औंधने लोकशाही.

फ्रान्सचा पाडाव आणि दिल्लीचा बदललेला सूर

१९३९ च्या हिवाळ्यात युरोपात प्रत्यक्ष लढाई फारशी होत नव्हती आणि हिंदुस्थान सरकारलाही घाई नव्हती. युद्धाच्या आरंभी हिंदी सैन्याची संख्या सुमारे दोन लाख होती. हिंदी हवाई दलाची अवघी एक तुकडी होती आणि तिची वापिती जातीची विमाने जुनाट झाली होती. देशात विमान बनत नव्हते, मोटारही बनत नव्हती.

मोटारीची कथा येथे सांगितली पाहिजे, कारण विमानाची कथा तिच्यातून निघते. म्हैसूरचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना तयार केली होती आणि वालचंद हिराचंद हे त्यातील प्रमुख उद्योगपती होते. मुंबईचे खेर मंत्रिमंडळ या कारखान्याच्या भांडवलावरील परताव्याची हमी देण्यास तयार झाले होते. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती हमी अधांतरी राहिली. योजना मग म्हैसूरकडे वळली, परंतु हिंदुस्थान सरकारने तिला अनुकूलता दाखवली नाही. मंत्रिमंडळांच्या राजीनाम्यांची चर्चा आपल्याकडे नेहमी तत्त्वाच्या अंगाने होते. त्या राजीनाम्यांमुळे देशी उद्योगाच्या हातून सत्तेचा आधार गेला, हा त्याचा खर्चाचा भाग फारसा बोलला जात नाही. काँग्रेसचा निर्णय त्यामुळे चुकीचा ठरत नाही. पण त्याची किंमत काय पडली, हे नोंदवलेच पाहिजे.

वालचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात करून त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांशी वर्षानुवर्षे झुंज दिली. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमान प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये, ब्रह्मदेशाच्या सीमेजवळील लोईविंग येथे, चिनी सरकारसाठी विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होते. युद्धग्रस्त चीनमध्ये जे होऊ शकते ते हिंदुस्थानात का नाही, हा वालचंद यांचा प्रश्न होता आणि त्यांनी तो सरकारपुढे मांडला. सरकारचे उत्तर थंड होते. ब्रिटनला स्वतःलाच यंत्रसामग्रीची टंचाई होती आणि अमेरिकेतून मिळणारे प्रत्येक यंत्र ब्रिटिश कारखान्यांना हवे होते, हे कारण दिले जाई. ते खोटे नव्हते. वसाहतीत असा उद्योग उभा राहिला तर युद्धानंतर तो स्पर्धक होईल, हा विचार मात्र बोलून दाखवला जात नसे.

मे आणि जून १९४० या दोन महिन्यांनी हे चित्र पालटले. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य अवजड शस्त्रे मागे टाकून परतले. २२ जून रोजी फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली. इटली युद्धात उतरल्याने भूमध्य समुद्राचा मार्ग धोक्यात आला आणि इजिप्तपासून सिंगापूरपर्यंतच्या सैन्याला पुरवठा करायचा तर तो हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतूनच करावा लागेल, हे स्पष्ट झाले. ऑक्टोबर १९४० मध्ये त्यासाठी दिल्लीत पूर्वेकडील देशांची परिषद भरली. मधल्या काळात वालचंद यांच्या योजनेला संमती मिळाली होती.

राजकीय आघाडीवरही हालचाल झाली ती याच उन्हाळ्यानंतर. ८ ऑगस्ट १९४० रोजी, म्हणजे म्हैसूरच्या महाराजांच्या निधनानंतर पाचच दिवसांनी, लिनलिथगो यांनी ‘ऑगस्ट प्रस्ताव’ जाहीर केला. कार्यकारी मंडळात अधिक हिंदी सभासद घेणे, युद्ध सल्लागार मंडळ स्थापणे आणि युद्धानंतर घटना तयार करण्याची जबाबदारी मुख्यतः हिंदी लोकांवर सोपवणे, असा त्याचा आशय होता. दहा महिन्यांपूर्वीच्या उत्तरापेक्षा हे अधिक होते. परंतु देशातील मोठ्या घटकांना मान्य नसलेल्या सरकारकडे सत्ता सोपवली जाणार नाही, असेही त्यात म्हटले होते आणि मार्चमध्ये लाहोरला स्वतंत्र राज्यांचा ठराव करून बसलेल्या मुस्लिम लीगच्या हाती त्यामुळे मोठे अस्त्र आले. काँग्रेसने प्रस्ताव फेटाळला.

बंगळूरचा कारखाना

कारखाना कोठे काढायचा, यासाठी वालचंद यांनी अन्य संस्थानांचाही विचार केला होता. म्हैसूरने तत्परता दाखवली. महाराजांच्या निधनाने धोरणात खंड पडला नाही, कारण दिवाण तेच होते आणि नव्या महाराजांनी त्यांना तूर्त कायम ठेवले. म्हैसूरकडे देण्यासारखे बरेच काही होते. बंगळूरला कोरडी, समशीतोष्ण हवा होती, जमीन उपलब्ध होती, टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था होती. समुद्रकिनारा दूर असल्याने शत्रूच्या जहाजांची भीती नव्हती. आणि कावेरीची स्वस्त वीज होती.

२३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल चार कोटी रुपयांचे होते. म्हैसूर सरकारने २५ लाख रुपये गुंतवले. मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारही एक तृतीयांश हिश्श्याचे भागीदार झाले. एक राष्ट्रवादी उद्योगपती, एक संस्थान आणि वसाहतीचे सरकार अशी ही तिहेरी भागीदारी होती. तंत्रज्ञान पॉली यांच्या अमेरिकन कंपनीचे होते. लोईविंगचा कारखाना ऑक्टोबर १९४० मध्ये जपानी बॉम्बहल्ल्यात सापडला होता आणि तेथील अनुभवी माणसे बंगळूरच्या उपयोगी पडली. चीनचा पराभवही अशा रीतीने हिंदुस्थानच्या पदरात काहीतरी टाकून गेला.

ऑगस्ट १९४१ मध्ये येथे जुळवलेले पहिले हार्लो प्रशिक्षण विमान आकाशात गेले. कर्टिस हॉक जातीचे पहिले लढाऊ विमान उडाले ते जुलै १९४२ मध्ये. कारखान्याच्या आरंभीच्या हिंदी अभियंत्यांत डॉ. विष्णू माधव घाटगे हे होते. जर्मनीत गोटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. ज्या देशाशी युद्ध चालू होते त्याच देशात शिकलेली विद्या येथे कामी आली. १९५१ मध्ये आकाशात झेपावलेले एचटी-२ हे भारतीय बनावटीचे प्रशिक्षण विमान घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाले.

‘जुळवलेले’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. विमानांची इंजिने अमेरिकेतून येत होती, यंत्रे अमेरिकेतून येत होती आणि जहाजात जागा मिळेल तेव्हाच ती येत होती. याच कंपनीचा वारसा सांगणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिकजवळील ओझर येथील कारखान्यातून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए विमानाचे पहिले उड्डाण झाले. विमान देशात तयार झाले आहे, आराखडाही देशाचा आहे. इंजिन मात्र अमेरिकन आहे आणि ते वेळेवर न मिळाल्याने हवाई दलाला विमाने देण्याचे वेळापत्रक लांबले. ८५ वर्षांत फार मोठा पल्ला गाठला गेला, हे मान्य करूनही हा एक धागा तुटलेला नाही.

पवनार ते केरेन

बंगळूरला कंपनीची जुळवाजुळव चालू असताना, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. सामुदायिक चळवळ करून ब्रिटनच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही, परंतु या युद्धात आमची संमती नाही हे जगापुढे नोंदवायचे, असा गांधीजींचा हेतू होता. पुढील काही महिन्यांत २० हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले.

त्याच काळात बेळगाव हे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी समुद्रापार लढत होत्या. फेब्रुवारी आणि मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगराळ खिंडीत इटालियन सैन्याशी झालेल्या लढाईत मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीने खडी चढण चढून शत्रूची ठाणी घेतली. केरेनच्या विजयाने पूर्व आफ्रिकेतील इटलीच्या साम्राज्याचा शेवट जवळ आला. पवनारचा सत्याग्रही आणि केरेनचा शिपाई पुष्कळदा एकाच जिल्ह्यातून, क्वचित एकाच घरातून आलेला असे. दुष्काळी भागातील कुणबी-मराठा कुटुंबाला पगार आणि पेन्शन यांचे महत्त्व होते, घराण्याच्या लष्करी परंपरेचाही अभिमान होता. त्या शिपायाला सरकारधार्जिणा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथेच महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर महारांची पलटण मोडण्यात आली होती. तिच्या पुनरुज्जीवनासाठी डॉ. आंबेडकर प्रयत्नशील होते. जुलै १९४१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सभासद झाले. त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार होऊन हिंदी सभासद प्रथमच बहुसंख्य झाले आणि यवतमाळचे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचा त्यात समावेश झाला. संरक्षण, गृह आणि अर्थ ही खाती मात्र ब्रिटिशांकडेच राहिली.

खर्चाची बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९३९ च्या करारानुसार हिंदी सैन्याचा देशाबाहेरील खर्च प्रामुख्याने ब्रिटनने सोसायचा होता. प्रत्यक्षात माल आणि माणसे हिंदुस्थानातून तातडीने गेली, मोबदला लंडनमध्ये खात्यावर जमा होत राहिला. युद्ध संपेपर्यंत ब्रिटन हिंदुस्थानचे एक अब्ज पौंडांहून अधिक देणे लागत होते. देश कागदोपत्री धनको झाला आणि बाजारात धान्य व कापड महाग होत गेले.

म्हैसूरच्या खेड्यांना युद्धाचा स्पर्श झाला तो रेशमातून. हवाई छत्र्यांसाठी रेशमी कापड लागे. जपानचे रेशीम बंद झाल्यावर म्हैसूरच्या सुताची मागणी वाढली आणि तुतीची लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळू लागले. तलकाड ज्या टी. नरसीपूर तालुक्यात मोडते, तो भाग आजही रेशीम व्यवसायासाठी ओळखला जातो.

पूर्वेकडून आलेले युद्ध

मिर्झा इस्माईल मे १९४१ मध्ये दिवाणपदावरून निवृत्त झाले आणि एन. माधवराव त्यांच्या जागी आले. सात महिन्यांनी, डिसेंबर १९४१ मध्ये, जपानने पर्ल हार्बरबरोबरच मलायावर हल्ला केला. तोवर युद्ध ही सुएझपलीकडची गोष्ट होती. मलायाच्या किनाऱ्यावर कोटा बारू येथे जपानी सैन्य उतरले, तेव्हा तेथे हैदराबाद संस्थानाची पलटण होती. सिंगापूरच्या संरक्षणात म्हैसूर संस्थानाची पायदळ पलटण होती. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर शरण गेले आणि म्हैसूरचे शिपाई हजारो हिंदी सैनिकांबरोबर युद्धकैदी झाले. संस्थानाच्या दरबाराने १९३९ मध्ये पाठवलेल्या निष्ठेच्या तारेची पूर्तता अशा प्रकारे त्यांना करावी लागली. त्यांना कोणी विचारले नव्हते, जसे प्रांतांतील मतदारांना विचारले नव्हते.

८ मार्च रोजी रंगून पडले. दोन आठवड्यांत सर स्टॅफर्ड क्रिप्स नवा प्रस्ताव घेऊन दिल्लीत दाखल झाले. युद्धानंतर वसाहतीचे स्वराज्य आणि घटना समिती देण्याचे वचन त्यात होते. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये हेच वचन मिळाले असते तर खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला असता का, हा प्रश्न अभ्यासक आजही विचारतात. एप्रिल १९४२ पर्यंत त्या वचनाची किंमत उतरली होती. वाटाघाटी अडल्या त्या मुख्यतः एका मुद्द्यावर, युद्ध चालू असताना संरक्षण खाते कोणाकडे असावे यावर. जुलै १९४१ मध्ये कार्यकारी मंडळाचा विस्तार करताना जे तीन विषय राखून ठेवले होते, त्यांतील पहिलाच हा विषय होता.

क्रिप्स दिल्लीत असतानाच, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बॉम्ब टाकले. विशाखापट्टणला वालचंद यांच्या सिंदिया कंपनीच्या जहाज कारखान्याची पायाभरणी जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, २१ जून १९४१ रोजी, डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली होती. त्याच एप्रिल महिन्यात हिंदुस्थान सरकारने बंगळूरच्या विमान कंपनीतील वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन व्यवस्थापन ताब्यात घेतले. शत्रू दाराशी आला असताना असा कारखाना खासगी हातांत ठेवता येणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. फ्रान्सच्या पराभवाने जे दिले होते ते सिंगापूरच्या पराभवाने परत नेले.

नवी विमाने बांधण्याचे काम मागे पडले आणि १९४३ पासून अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती हे बंगळूरच्या कारखान्याचे मुख्य काम झाले. हजारो हिंदी कामगार तेथे शिकून तयार झाले. वालचंद यांनी आपले लक्ष जुन्या मोटार योजनेकडे वळवले आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. म्हैसूर सरकारने विमान कंपनीतील आपला हिस्सा विकला नाही. युद्धकाळात तिच्या कारभारावर मात्र त्या सरकारचा अधिकार उरला नव्हता.